पंचेचाळीस दिवसांची बांधाबांध

मे महिन्यातली सकाळ, साडेसहाची वेळ. नौपाड्यातल्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्यात डाळी भाजल्याचा वास कोंदून राहिला होता. आधी हरभऱ्याची डाळ, मग उडदाची, मग तांदूळ आणि गहू, आणि सगळ्यात शेवटी मेथीचा कडसर. मेतकूट चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका-काकू युरोपला निघालेत हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण युरोपची वाट लोखंडी कढईतून निघते हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. त्या वासामागोमाग सुरू झालेलं माझं त्यांच्याकडचं जाणं-येणं मग ते निघेपर्यंत चाललं.

काका एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते, काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोघंही निवृत्त. मुलगी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हेनला. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या उद्योगामुळे त्या भागात भारतीय इंजिनिअर पुष्कळ आहेत, त्यांत मराठी घरंही आलीच. बेत ४५ दिवसांचा. बहुतेक मुक्काम मुलीकडे, तिथूनच आगगाडीनं ब्रुसेल्स, कोलोन, पॅरिस. आणि मध्ये १२ दिवस बसच्या सहलीतून स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणजे ४५ दिवस सहज बसत होते. सर्वांत जास्त मुक्काम ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे करायचा. शुल्क माणशी ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. फाइल काकूंनीच लावली. वर अनुक्रमणिका, आत एकेका कागदाला क्रमांक.

अडलं ते बोटांच्या ठशांपाशी. दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि काकूंच्या उजव्या हाताची बोटं यंत्र घेईना. व्हिसाकेंद्रातल्या मुलीनं ओल्या कागदानं बोटं पुसली, कोरडी केली, पुन्हा दाबायला लावली. चौथ्या वेळेला घेतलं. घरी आल्यावर काकूंनी ते फार सहज सांगितलं, "खडूनं आणि पाट्यावरवंट्यानं मिळून रेघा खाल्ल्या, दुसरं काय!" त्या दिवसानंतर काकू काहीही करत असल्या, तरी आधी नजर जायची ती त्यांच्या बोटांकडे.

ती बोटं रिकामी अशी दिसलीच नाहीत. काका रोज चार गोळ्या घेतात, काकू तीन. ४५ दिवस, शिवाय विमान चुकलं, आजारपण आलं तर हाताशी असावेत म्हणून दहा दिवस वरचे. पंचावन्न साते तीनशे पंच्याऐंशी. ३८५ हा आकडा काकूंनी दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता आणि आल्यागेल्याला त्या तो सांगत. औषधवाल्याकडे एकदम इतका साठा नव्हता, तीन खेपा झाल्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नावही लिहून घेतलं, कारण इथला ब्रँड तिकडच्या औषधवाल्याला कळेलच असं नाही. गोळ्या सुट्या करून डबीत भरायच्या नाहीत; पट्ट्या अखंड ठेवायच्या, म्हणजे नाव आणि मुदत दोन्ही दिसतात. आणि सगळं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग चुकून मागे राहिली तरी रक्तदाबाची गोळी आपल्याजवळच हवी.

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेतल्या डब्यांची आपल्याकडे बरीच चेष्टा होते. ती करणाऱ्यांनी हे घर एकदा पाहावं. माणशी एकच बॅग, २३ किलोची, आणि तिच्यात काय जाईल याचे नियम काकूंना तोंडपाठ. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दूध-दुभतं आणता येत नाही. म्हणून तूप नाही, पेढे नाहीत. तिकडचं बिनमिठाचं लोणी आणून मुलगी तूप कढवणार. ताजी फळंही बहुतेक बंद. रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय चालतात ती पाचच: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. हापूस त्यांत नाही. फळमाशी सापडल्यावर २०१४ मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती, ती २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पण पेटी हातात घेऊन जाणाऱ्या आईसाठी वाट नाहीच. मग आमरसाचे बंद डबे, ८५० ग्रॅमचे दोन. कोकणातून नणंदेनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पाठवल्या होत्या, त्या घरीच राहिल्या. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात.

काकांच्या वाट्याला वजनकाटा आला होता. हुकाचा, हातात धरायचा. बॅग उचलायची, आकडा वाचायचा, खाली ठेवायची. २४.१. काकू काही न बोलता स्वतःची जास्तीची साडी काढत. २३.६. मेतकूट मात्र निघत नव्हतं.

तरी काकांचा जीव खरा अडकला होता सहलीच्या बसमध्ये. सहलीपूर्वीच्या बैठकीत त्यांना कळलं, की युरोपात बसचालकानं साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाचं चालवणं नऊ तासांचं. आठवड्यातून दोनदाच ते दहावर नेता येतं. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवत असतं. हे त्यांनी तीन-चार वेळा तरी सांगितलं असेल, दर वेळी तितक्याच आदरानं. "आल्प्स बघूच हो, पण मला तो ड्रायव्हर जेवताना बघायचाय. निवांत." आगारात रात्रपाळी काढून आलेले, तारवटलेल्या डोळ्यांचे चालक ज्यानं वर्षानुवर्षं पाहिले, त्याचं हे युरोपदर्शन आहे, आणि कुठल्याही मनोऱ्याइतकंच ते पाहण्याजोगं आहे.

विमान मध्यरात्रीनंतरचं. नऊला टॅक्सी खाली आली. शेजारच्या वहिनींकडे किल्ली गेली, तुळशीला पाणी कधी घालायचं त्याची चिठ्ठी गेली, मेतकुटाची एक बरणीही गेली. गॅसचा कॉक काकांनी पाहिला आणि मग काकूंनी पाहिला. बॅगा लिफ्टपाशी पोचल्या, तेव्हा काकूंनी सवयीनं हातातली पिशवी उघडून पट्ट्या चाचपल्या आणि थांबल्या.

"अहो, रात्रीची गोळी यातली घेतलीत?"

काकांनी घेतली होती. पट्टीवर एक चांदीचा फुगा फुटलेला होता.

टॅक्सीवाल्यानं खालून हॉर्न दिला. काकूंनी वहिनींकडून किल्ली परत घेतली, दार उघडलं, चपला घालूनच स्वयंपाकघरात गेल्या. फडताळातल्या डब्यात उरलेली जुनी पट्टी होती. तिच्यातली एक गोळी त्यांनी कात्रीनं पट्टीसकट कापली आणि पिशवीत इतर पट्ट्यांबरोबर ठेवली.

"तीनशे पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.