गिअर खाली, इंजिन कूल!

पाणी नाही, रेडिएटर नाही आणि टेम्परेचरचा काटाही नाही. तरीही जुनी बीटल घाट चढते. फक्त तिचा फंडा कळायला हवा...

गोल डोळे, मागच्या बाजूला इंजिन आणि लांबूनच ओळखू येणारी ती फटफट! फोक्सवॅगन बीटल रस्त्यावर दिसली की मान वळतेच. १९३८ पासून २००३ पर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. शेवटची बाहेर पडली ती जर्मनीतून नव्हे, तर मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून, जुलै २००३ मध्ये.

मेक्सिको सिटीत तर बीटलच्या टॅक्सी सर्रास धावायच्या. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर आहे आणि पुएब्लाकडे जाणारा रस्ता वाटेत तीन हजार मीटरच्या वर चढतो. हवा विरळ, चढ लांबलचक आणि इंजिन थंड करायला फक्त हवाच! अशा ठिकाणी इंजिन जगणार की मरणार, हे बरंचसं गिअर टाकणाऱ्या हातावर ठरतं.

पंख्याची गंमत

आपल्या जुन्या चेतकमध्ये फ्लायव्हीलवरची पाती इंजिनावर हवा मारायची. बीटलचा फंडा तसाच, फक्त इथे पंखा जनरेटरच्या दांड्यावर बसतो आणि इंजिन त्याला बेल्टने फिरवतं. म्हणजे इंजिन जोरात फिरलं की पंखाही जोरात, इंजिन रेंगाळलं की पंखाही रेंगाळतो. ही हवा सिलिंडरवर जाते आणि छोट्याशा ऑइल कूलरमधूनही जाते. इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर. वंगणही तेच, अर्धं कूलिंगही तेच!

आता चढावर ताशी ४० ने चौथ्याच गिअरमध्ये रेटलं तर काय होतं? इंजिनाचे फेरे मिनिटाला तेराशेच्या आसपास. अ‍ॅक्सिलरेटर मात्र तळाला. पेट्रोल भरपूर जळतंय, उष्णता वाढतेय आणि पंखा आपला निवांत! ऑइल तापून पातळ होतं, त्यात कमी फेऱ्यांमुळे पंपाचा जोरही कमी. ऑइलचं प्रेशर घसरतं आणि बेअरिंग्जची वाट लागते.

तिसरा टाका. त्याच वेगाला फेरे अठराशेच्या पुढे जातात. आवाज वाढतो, नवख्याला वाटतं इंजिन ओरडतंय. खरं तर त्याला आत्ता कुठे श्वास मिळालेला असतो.

मग काय, फुल्ल रेस?

अजिबात नाही! हायवेवर तासन्‌तास वेग ताणला तर घर्षणही वाढतं आणि वारा कापायला ताकदही कितीतरी जास्त लागते. पंख्याची जादा हवा मग पुरी पडत नाही. चढावर गिअर खाली, सपाटीवर ऑइल तापलं तर वेग खाली... एवढं सोपं गणित आहे.

जुनी बीटल घेताय? हे वाचाच!

- ऑइलच्या टेम्परेचरचा मीटर वेगळा बसवून घ्या. ८० ते १०५ अंश सेल्सिअस झकास. १२० च्या पुढे गेला तर दमानं घ्या.

- मूळ इंजिनात ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. त्यामुळे दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदला.

- इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी सील काढून टाकू नका. ते शो नाहीत, गरम हवा परत आत येऊ नये म्हणून आहेत.

- चालताना जनरेटरचा लाल दिवा लागला तर लगेच थांबा आणि इंजिन बंद करा. बेल्ट तुटला असेल तर बॅटरी चार्ज होत नाहीच, पण पंखाही थांबलेला असतो. 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणालात तर इंजिन गेलंच समजा!

आणि हो, डिकीत एक जादा बेल्ट आणि पाना ठेवा. बीटलची डिकी पुढे असते, हे विसरू नका!