किरणाच्या एक पाऊल पुढे

‘महाराष्ट्र’ हा शब्द संगणकात साठवायला किती जागा लागते? आज सगळीकडे वापरात असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षराचे तीन, कान्याचे तीन आणि जोडाक्षरात दडलेल्या हलन्ताचेही तीन. ‘महाराष्ट्र’मध्ये अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट झाले. शब्द चार वेळा लिहिला की १२० होतात. पाचव्यांदा लिहायला घेतला तर ‘मह’ लिहिल्यावर पुढच्या कान्याला १२८ बाइटांत जागा उरत नाही.

सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या अटारी २६०० या व्हिडिओ गेमच्या यंत्राला कामापुरती मिळालेली स्मृती नेमकी एवढीच होती: १२८ बाइट. खेळाडू पडद्यावर कुठे आहे, शत्रू कुठे आहे, गोळी सुटली का, गुण किती झाले, किती जीव शिल्लक आहेत, सगळं एवढ्यात बसवायचं. तरीही या यंत्रासाठी शेकडो खेळ लिहिले गेले, सुमारे ३ कोटी यंत्रं विकली गेली आणि १९९२ उजाडेपर्यंत ते बाजारात टिकून राहिलं. हे यश मोठंच आहे, पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेने २०१० नंतर घेतलेल्या एका मोठ्या झेपेची तालीम याच यंत्राच्या खेळांवर झाली. मेंदूविज्ञानाला अस्वस्थ करणारा एक प्रश्नही याच्याच प्रोसेसरवरून विचारला गेला. दोन्ही वेळा हेच यंत्र निवडलं गेलं, कारण ते इतकं लहान होतं.

आधी त्या लहानपणाची अडचण समजून घेऊ. आजचा मोबाइल पडद्यावरचं पूर्ण चित्र आधी स्मृतीत तयार करतो आणि मग दाखवतो. अटारीचं चित्र आडवे १६० आणि उभे १९२ ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला, एवढंच लिहून ठेवायचं म्हटलं तरी ३,८४० बाइट हवेत, म्हणजे हाताशी असलेल्या स्मृतीच्या तीस पट. रंगांचा तर अजून विचारही केलेला नाही. त्या काळी स्मृतीच्या चिप महाग होत्या आणि यंत्र तर २०० डॉलरच्या आत विकायचं होतं.

म्हणून स्टीव्ह मेयर, रॉन मिल्नर, जो डिक्युअर आणि जे माइनर या अभियंत्यांनी चित्र साठवायचा नादच सोडला. टीव्हीच्या काचेवर ते उमटत असतानाच घडवायचं, असं त्यांनी ठरवलं.

पाठीमागे ढेरी असलेले जुने टीव्ही आठवतात ना? त्यांच्या आत इलेक्ट्रॉनचा एक किरण डावीकडून उजवीकडे धावत एकेक ओळ उजळवत खाली यायचा. अमेरिकी पद्धतीत अटारी एका चित्रासाठी अशा २६२ ओळी धरत असे आणि सेकंदाला अशी ६० चित्रं. एका ओळीला साधारण ६३.५ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात अटारीच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे बरोबर ७६ ठोके पडतात. एक आकडा उचलून चित्राच्या चिपमध्ये ठेवायला किमान ५ ठोके लागतात. म्हणजे एका ओळीत फार तर पंधरा वेळा हात चालवता येणार, आणि तोही किरण त्या जागी पोहोचायच्या आत. एक ठोका उशीर झाला की विमानाचा पंख भलतीकडे उमटणार.

माइनर यांनी घडवलेल्या चित्राच्या चिपला अख्खा पडदा ठाऊकच नव्हता. तिला ठाऊक होती फक्त चालू ओळ, आणि त्या ओळीत दोन खेळाडूंचे तुकडे, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागची भिंत. बाकी सगळं प्रोग्राम लिहिणाऱ्याने ओळीमागून ओळ बदलत न्यायचं. मला यावरून येवल्याचा पैठणी विणणारा कारागीर आठवतो. मोर त्याच्या बोटांत असतो, पण मागावर एका वेळी एकच आडवा धागा पडतो. फरक इतकाच की विणकर धोटा ठेवून घोटभर पाणी पिऊ शकतो. टीव्हीचा किरण थांबत नाही.

मग खेळाचा विचार कधी करायचा? १९२ ओळी संपल्या की उरलेल्या ७० ओळींच्या अवधीत किरण वर परतत असतो. गुण मोजणं, टक्कर झाली का पाहणं, शत्रूची पुढची चाल ठरवणं, सगळं त्या फटीत उरकायचं. १९७९ च्या बुद्धिबळाच्या खेळात ही फट पुरेना. संगणक चाल शोधायला लागला की पट पडद्यावरून नाहीसा व्हायचा आणि नुसते रंग बदलत राहायचे, कारण प्रोसेसरला एक तर चित्र काढता येत होतं, नाही तर विचार करता येत होता. त्याच बुद्धिबळात एका रांगेत आठ मोहरी दाखवायची होती आणि चिप तर दोनच आकृत्या व त्यांच्या मोजक्या नकला ओळखत होती. बॉब व्हाइटहेड यांनी तोडगा काढला: चार मोहरी एका ओळीवर, उरलेली चार तिच्या खालच्या ओळीवर, पुन्हा पहिली चार. मोहरी पट्ट्यापट्ट्यांची दिसली, पण आठही एका वेळी दिसली.

यापेक्षाही देखणा नमुना म्हणजे डेव्हिड क्रेन यांचा १९८२ चा ‘पिटफॉल’. जंगलात पळणारा माणूस, मगरी, वेलीवरून झोके, खाली भुयार, आणि एकामागून एक अशी २५५ दृश्यं. सगळा खेळ ४,०९६ बाइटांत. देवनागरीत एवढ्या जागेत दोनशेच्या आसपास शब्द मावतील. दृश्यांचे नकाशे ठेवायला जागा कुठून आणायची? क्रेन यांनी नकाशे ठेवलेच नाहीत. त्यांनी एकच बाइट ठेवला, म्हणजे शून्य किंवा एक लिहायची आठ घरं. पुढच्या दृश्यात जायचं असलं की आठही आकडे एक घर पुढे सरकवायचे. सरकवण्याआधी ठरलेल्या चार घरांत ‘एक’ किती आहेत ते बघायचं. संख्या विषम असली तर रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात एक, सम असली तर शून्य. या साध्या नियमाने तो बाइट २५५ वेगवेगळी रूपं घेतो आणि मग पहिल्या रूपावर परत येतो. काही घरं झाडं कशी असतील ते सांगतात, काही खड्डा आहे की तळं, काही साप आहे की ओंडका. माणूस मागे फिरला की हाच नियम उलटा चालवायचा, आणि मागचं दृश्य जसंच्या तसं हजर. या सगळ्याला लागलेला कोड ५० बाइटांच्या आत होता. गणित इतकं थेट खेळात उतरलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

या यंत्राच्या धंद्याची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. खेळ वेगळा आणि यंत्र वेगळं, ही कल्पना अटारीची नव्हती. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या फेअरचाइल्डच्या यंत्राने १९७६ मध्येच खेळाचा प्रोग्राम बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये आणला होता. अटारीने ती कल्पना घराघरांत पोहोचवली. आपलं नाव खेळावर येत नाही म्हणून नाराज असलेल्या चार प्रोग्रामरनी अटारी सोडली आणि १९७९ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभी राहिली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवून विकणारी ही पहिली कंपनी. कॅरल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ हा अप्रतिम खेळ तिथलाच. पुढे बाजारात खेळांचा पूर आला, १९८३ मध्ये धंदा कोसळला आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरला गेला. २०१४ मध्ये त्यातला काही उकरूनही काढला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘कॅसेट’ फुंकर मारून आम्ही ज्या यंत्रात बसवायचो, मारियो आणि काँट्रासाठी भांडायचो, ते यंत्र अटारी नव्हतं. निन्टेन्डोच्या यंत्राची ती नक्कल होती. पण त्यातला प्रोसेसर अटारीच्याच कुळातला होता. १९७५ मध्ये चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ डॉलरला बाजारात आणलेली ६५०२ ही चिप त्या कुळाचा मूळ पुरुष.

आता या यंत्राच्या दुसऱ्या आयुष्याकडे वळतो.

२०१३ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी अटारीचे खेळ आधुनिक संगणकावर चालवून त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कसोटीचं मैदान बनवलं. निवड विचारपूर्वक होती. जॉयस्टिकच्या आठ दिशा आणि मधली जागा, बटण दाबलेलं किंवा सुटलेलं, मिळून अवघ्या १८ कृती. खेळाची सगळी चालती अवस्था १२८ बाइटांत. आणि तरी प्रत्येक खेळ दुसऱ्यापासून इतका वेगळा की एकात शिकलेली घोकंपट्टी दुसऱ्यात चालत नाही. त्याच वर्षी लंडनच्या डीपमाइंड या कंपनीने सात खेळांवरचा प्रयोग मांडला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्यांचा ४९ खेळांवरचा निबंध आला. प्रोग्रामला नियम कोणीच सांगितले नव्हते. त्याच्यासमोर फक्त पडद्यावरचे ठिपके आणि गुणांचा आकडा होता. चुकत, धडपडत तो शिकला. विटांची भिंत फोडायच्या ‘ब्रेकआउट’मध्ये त्याने भिंतीच्या कडेने बोगदा पाडून चेंडू वर पाठवायची युक्ती स्वतःच शोधली.

या प्रयोगातला एक तपशील मला विशेष आवडतो. वेळ वाचावा म्हणून हा प्रोग्राम प्रत्येक चित्र न पाहता दर चौथं चित्र पाहायचा. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये मात्र शत्रूच्या गोळ्याच त्याला दिसेनात. आकृत्या अपुऱ्या पडत म्हणून अटारीचे प्रोग्रामर काही वस्तू प्रत्येक चित्रात न काढता लुकलुकत ठेवायचे. काचेवरचा प्रकाश आणि आपली नजर मधली फट भरून काढायची. दर चौथं चित्र नेमकं गोळ्या नसलेलं पडत होतं. तेव्हा या एका खेळासाठी संशोधकांना चारऐवजी तीनची उडी घ्यावी लागली. शिवाय पुढच्या निबंधात लागोपाठची दोन चित्रं एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय करावी लागली. १९८० च्या एका काटकसरीचा हिशेब २०१३ मध्ये चुकता झाला.

सगळेच खेळ वश झाले नाहीत. ‘माँटेझुमाज रिव्हेंज’मध्ये आधी शिडी उतरायची, कवटी चुकवायची, किल्ली मिळवायची, तेव्हा कुठे पहिला गुण. वाटेत कौतुक नाही की शिक्षा नाही. नेचरमधल्या प्रोग्रामला त्यात शून्य गुण मिळाले. या शून्यामुळे ‘बक्षीस दूर असताना यंत्राने कुतूहल कसं जपावं’ या प्रश्नाच्या मागे अनेक संशोधक लागले. डीपमाइंडचा पुढचा प्रोग्राम ५७ खेळांच्या ठरलेल्या संचात सर्वत्र माणसाच्या नमुना गुणांपुढे गेला, त्याला २०२० साल उजाडलं.

दुसरा प्रयोग कमी प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते अधिक खोल आहे. काही उत्साही लोकांनी ६५०२ चिपचं आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रं घेतली होती आणि तिच्या ट्रान्झिस्टरची जोडणी संगणकात हुबेहूब उतरवली होती. एरिक जोनास आणि कॉनराड कोर्डिंग या संशोधकांनी ती आभासी चिप घेतली, तिच्यावर ‘डाँकी काँग’, ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि ‘पिटफॉल’ हे तीन अटारी खेळ चालवले आणि मग मेंदूचा अभ्यास ज्या रीतींनी होतो त्याच रीतींनी चिपचा अभ्यास केला. मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली आणि माणसाची वाचा गेली, तर तो भाग वाचेचा, असं अनुमान आपण काढतो. त्यांनी ३,५१० ट्रान्झिस्टरपैकी एकेक बंद केला आणि खेळ सुरू होतो का पाहिलं. काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते बंद केल्यावर फक्त डाँकी काँग अडतो, बाकीचे दोन चालतात. मग हा काय डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर म्हणायचा? त्या ट्रान्झिस्टरला माकड ठाऊक नाही आणि शिडीही नाही. तो आकड्यांच्या बेरीज-वजाबाकीसारख्या मूळ कामातला एक बारकासा दुवा असतो आणि तो दुवा योगायोगाने त्याच खेळाला लागतो.

२०१७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष स्पष्ट होता: या रीतींनी चिपमध्ये रंजक आकृतिबंध दिसतात, पण ती माहितीवर काम कसं करते ते उलगडत नाही. जिचा प्रत्येक दुवा आपल्याला ठाऊक आहे, जी माणसानेच बनवली आहे, त्या चिपच्या बाबतीत हे होत असेल, तर सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींच्या मेंदूबद्दल आपण किती जपून बोललं पाहिजे! अटारीच्या साऱ्या कामगिरीत मी याला पहिलं स्थान देईन. पूर्ण माहीत असलेली वस्तू विज्ञानाच्या हाती क्वचितच लागते, आणि आपली मोजपट्टी बरोबर आहे का हे फक्त अशाच वस्तूवर तपासता येतं.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. यंत्र तयार होत असताना त्याला ‘स्टेला’ म्हणत. ते एका अभियंत्याच्या सायकलचं नाव होतं. त्याच नावाचं सॉफ्टवेअर आज मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर अटारी जिवंत करतं. एका सुट्टीत ते उतरवून घ्या, खेळ खेळा, पण तिथे थांबू नका. ७६ ठोके मोजत स्वतःच्या हाताने पडद्याची एक ओळ रंगवा. ती जमली की तिच्या खालची रंगवायला घ्या.