नावाचा अडसर आणि आधाराची वाट : मानसिक आजार, अध्ययन-अक्षमता आणि भारतीय भाषा

१

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासकाला एक गोष्ट सहज आढळून येते. बहुतेक भाषांत एखाद्या गावाचे किंवा वस्तीचे नाव वेडाचा पर्याय म्हणून रूढ झालेले असते. मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ असे थट्टेने म्हटले जाते. हिंदीभाषक प्रदेशांत आग्रा आणि राँची, तमिळमध्ये कीळ्पाक्कम, हैदराबादच्या परिसरात एर्रागड्डा आणि मलयाळममध्ये कुतिरवट्टम ही नावे त्याच अर्थाने वापरली जातात. ही सर्व मनोरुग्णालयांची ठिकाणे आहेत. ठाण्याचे रुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले. ज्या मोजक्या ठिकाणी उपचाराची शक्यता होती, त्याच ठिकाणांची नावे भाषेने टवाळीसाठी निवडली, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखात या भाषिक वस्तुस्थितीचा मदत शोधणाऱ्या माणसावर काय परिणाम होतो, याचा विचार करावयाचा आहे. मानसिक आजार आणि अध्ययन-अक्षमता या दोन भिन्न अवस्था आहेत. त्यांची कारणे, त्यांवरील उपाय आणि त्यांसाठीची कायदेशीर व्यवस्थाही भिन्न आहे. तथापि दोन्हींमध्ये एक समान दुवा आहे. आधार मिळण्यापूर्वी त्या अवस्थेला नाव मिळावे लागते. ते नाव चुकले किंवा लाजिरवाणे ठरले, की पुढची वाट बंद होते. निम्हान्सने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्ती त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे दिसले. विकारांच्या प्रकारानुसार त्यांपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्तींना उपचार मिळत नव्हते. या दरीला डॉक्टरांची टंचाई, अंतर आणि खर्च ही कारणे आहेतच. परंतु नावाची भीती हेही एक कारण आहे आणि ते आपल्या अभ्यासक्षेत्रातले आहे.

२

मराठीत ‘वेड’ आणि ‘पिसे’ या शब्दांना एक वेगळा, प्रतिष्ठेचा इतिहास आहे. महानुभाव वाङ्मयातील गोविंदप्रभूंच्या चरित्रात रिद्धपूरचे लोक प्रभूंच्या वागण्याला वेड म्हणतात आणि त्याच वेळी त्यांच्या ठायी देवत्वही पाहतात. पुढील संतकवितेत देवाचे वेड लागणे ही साधकाची परमावस्था ठरली. असा वारसा लाभलेल्या भाषेत मानसिक आजाराविषयी अधिक सहानुभूती असावयास हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही. संताचे वेड पूज्य राहिले. शेजाऱ्याचे वेड मात्र झाकून ठेवण्याची, लग्नसंबंध जुळविताना लपविण्याची गोष्ट ठरली.

कायद्याची भाषाही सावकाश बदलत गेली. १९१२ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच ‘लुनसी’ हा शब्द होता आणि त्याचा मुख्य हेतू वेड्यांना समाजापासून दूर ठेवणे हा होता. १९८७ च्या कायद्याने ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द आणला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ‘सेवा’ हा शब्द आला आणि त्याबरोबर हक्कांची भाषा आली. दरम्यान ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागून साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे आणून ठेवणारी बहुतेक कुटुंबे निर्दय नव्हती. दर्ग्याच्या छायेत बरे वाटेल, या श्रद्धेने त्यांनी आपली माणसे तेथे ठेवली होती. मदतीची दुसरी वाट त्यांना कोणी दाखविली नव्हती. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या नावाने जो उपक्रम राबविला गेला, त्यात श्रद्धेची जागा न हिरावता तिच्या शेजारीच वैद्यकीय उपचार उपलब्ध करून देण्यात आले. हे नावच पाहावे. ते रुग्णाच्या भाषेतले आहे.

मराठीत अशा प्रकारचा एक महत्त्वाचा प्रयत्न स्वमदत गटांकडून झाला. पुण्यात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांच्या परिवारात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची प्रथा रुजली. पुढे पार्किन्सनच्या रुग्णांच्या गटानेही हेच शब्द स्वीकारले. ‘शुभंकर’ या शब्दामुळे आजवर निनावी राहिलेल्या आई, बहीण किंवा पत्नीच्या श्रमाला प्रथमच एक स्थान मिळाले. ज्या भूमिकेला नाव आहे, तिच्यासाठी बैठक भरविता येते, हा या शब्दाचा व्यावहारिक लाभ आहे.

३

अध्ययन-अक्षमतेच्या बाबतीत नावाचा घोटाळा अधिक गुंतागुंतीचा आहे. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ या संज्ञेने सामान्यतः बौद्धिक अक्षमता सुचविली जाते. भारत आणि अमेरिकेत मात्र तीच संज्ञा वाचन, लेखन व गणन यांतील विशिष्ट अडचणींसाठी, म्हणजे डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया आणि डिस्कॅल्क्युलिया यांच्यासाठी वापरतात. या अवस्थांत बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असू शकते. ब्रिटिश पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्याने हा भेद ध्यानात घेतला नाही, तर मराठी वाचकाच्या मनात ‘अध्ययन-अक्षमता’ आणि ‘मतिमंदता’ हे शब्द एकमेकांचे पर्याय होऊन बसतात.

आपला कायदाही या बाबतीत निःसंदिग्ध नाही. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील सात प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि तिचाही समावेश झाला. परंतु परिशिष्टात तिची व्याख्या ‘बौद्धिक अक्षमता’ या शीर्षकाखाली दिली आहे. पालक नेमक्या याच गोष्टीला घाबरतात. प्रमाणपत्र घेतले तर मूल ‘मंद’ ठरेल, या भीतीने कित्येक कुटुंबे तपासणीपर्यंत जातच नाहीत.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आणखी एक साधा अडथळा येतो. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे मराठीतील शिक्षण, तर मराठीतील ‘शिक्षा’ म्हणजे दंड. ‘विशेष शिक्षा केंद्र’ ही पाटी भोपाळ किंवा दिल्ली येथे नव्याने आलेल्या मराठी आईला प्रथमदर्शनी कशी वाटत असेल, याची कल्पना करावी. शब्दाचा अर्थ तिला लवकरच कळतो. परंतु आधीच धास्तावलेल्या मनावर पहिला आघात होऊन गेलेला असतो.

लिपीचा प्रश्न याहून मूलभूत आहे. डिस्लेक्सियाविषयीचे बरेचसे संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर आधारलेले आहे. देवनागरीत अडचण वेगळ्या जागी उद्भवते. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सर्व’ या शब्दात ‘र्’ आधी ऐकू येतो, पण रफार मात्र ‘व’वर चढतो. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी तालव्य आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे रूप म्हणून दंततालव्य उच्चारला जातो; लेखनात दोन्ही एकच. बोलण्यात फारसा न जाणवणारा ऱ्हस्व-दीर्घ भेद लेखनात पाळावा लागतो, हे वेगळेच. म्हणून इंग्रजीतील चाचणीवरून मराठी माध्यमातील मुलाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड आणि इंग्रजी यांबरोबर मराठीचाही अंतर्भाव आहे, ही त्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

येथे एक वैयक्तिक कबुली देणे आवश्यक वाटते. महाराष्ट्राबाहेरील एका विद्यापीठात शिकवीत असताना माझ्या वर्गात एक मराठीभाषक विद्यार्थी होता. चर्चेत त्याचे विवेचन नेमके असे. उत्तरपत्रिकेत मात्र अक्षरांची अदलाबदल, गळालेले रफार, अर्धवट सुटलेली वाक्ये. ‘शुद्धलेखनाकडे गांभीर्याने पाहावे’ असा शेरा मी दोन सत्रे त्याच्या कागदांवर लिहिला. तिसऱ्या सत्रात तो आला नाही. पुढे त्याचे एक पत्र आले, तेही मित्राकडून लिहवून घेतलेले. झोप उडाली होती, परीक्षेच्या नावाने छातीत धडधडत असे, म्हणून तो मनोविकारतज्ज्ञाकडे गेला होता. तेथे आधी चिंताविकार आणि मग त्यामागची वाचन-अक्षमता उघड झाली. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याला कळले की आपण आळशी नाही. भाषेचा अध्यापक असूनही माझ्या लक्षात जे आले नव्हते, ते त्या डॉक्टरांनी विचारलेल्या काही प्रश्नांतून बाहेर आले. दोन्ही अवस्था भिन्न असल्या, तरी एकीकडे झालेले दुर्लक्ष दुसरीला जन्म देऊ शकते, हे मला त्या पत्रातून समजले.

४

आता आधार कोठे व कसा मिळू शकतो, हे पाहू. मानसिक त्रासासाठी प्रथम मनोविकारतज्ज्ञच गाठला पाहिजे असे नाही. नेहमीचे डॉक्टर, जिल्हा रुग्णालय किंवा १९९६ पासून राबविल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे केंद्र येथूनही सुरुवात करता येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती विनामूल्य असून अहोरात्र चालते आणि वीस भाषांत उपलब्ध आहे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर वाट न पाहता तेथे दूरध्वनी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे आता कारण नाही. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने ३०९ वे कलम उरलेले नाही.

याच कायद्याने शासकीय सेवा मिळण्याचा हक्क (कलम १८), गोपनीयतेचा हक्क (कलम २३) आणि साखळदंडांपासून मुक्ततेची हमी (कलम ९५) दिली आहे. पाचव्या कलमानुसार प्रौढ व्यक्ती आपल्याला पुढे कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधीच लिहून ठेवू शकते. साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असे कलम मात्र २२ वे आहे. रुग्णाला आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत आणि अशा स्वरूपात मिळाली पाहिजे, असे ते सांगते. अनुवाद हा येथे रुग्णाचा कायदेशीर हक्क झाला आहे.

अध्ययन-अक्षमतेसाठी मार्ग वेगळा आहे. शाळेतील शिक्षक किंवा समुपदेशक यांच्या निरीक्षणानंतर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून तपासणी होते. प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयातून घ्यावे लागते. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या कायद्यानुसार लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. तथापि लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केले. विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठातील दिव्यांग कक्षाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विनंती विसरली जाते, हा अनुभव आहे.

५

या सर्व व्यवस्थेपर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला सर्वप्रथम बोलावे लागते. परप्रांतातील मराठी विद्यार्थी ‘जिवाची घालमेल होते’, ‘हुरहूर लागते’, ‘मन खाते’ असे मनातल्या मनात म्हणतो आणि डॉक्टरांपुढे मात्र ‘टेन्शन है’ एवढेच सांगतो. घालमेल, हुरहूर आणि मन खाणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीत अस्वस्थता, दुसरीत विरह किंवा अनिश्चितता, तिसरीत अपराधभाव आहे. भाषांतरात तिन्ही एकच होतात आणि डॉक्टरांच्या हाती निदानाला उपयोगी पडेल असे थोडेच लागते. ज्याला शक्य असेल त्याने आपल्या भाषेतील शब्द तसाच उच्चारावा आणि तो कधी, कशाने वाटतो हे सांगावे. सोबत दुभाषी नेण्यातही संकोच मानू नये.

तौलनिक साहित्याच्या विभागांना याबाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. भारतीय भाषांतील भावावस्थावाचक शब्दांचे उदाहरणांसह तुलनात्मक कोश तयार करणे, त्या त्या लिपीतील वाचनदोषांच्या नोंदी भाषावैज्ञानिकांच्या साह्याने जमविणे, २२ व्या कलमाला अनुसरून माहितीपत्रकांचे अनुवाद तपासून देणे ही कामे आपल्या आवाक्यातील आहेत. त्याहून सोपी गोष्ट प्रत्येक अध्यापकाला उद्याच्या वर्गात करता येईल. बोलण्यात तरबेज आणि लिहिण्यात अडखळणारा विद्यार्थी दिसला, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारावे. मी दोन सत्रे हे केले नाही. त्या विद्यार्थ्याने पुढे दुसऱ्या विद्यापीठात लेखनिकाच्या साह्याने पदवी पूर्ण केली. त्यात माझा वाटा काही नव्हता.