बांध नसलेलं गाव

गेल्या काही वर्षांतले दिवाळी अंक काढून बसा आणि इंग्लंडवरचे लेख चाळा. लंडन असतं, स्ट्रॅटफर्ड असतं, वर्ड्सवर्थची तळी असतात. खेडं आलंच तर ते कॉट्सवोल्ड्समधलं: मधाच्या रंगाचा दगड, दारावर चढलेला गुलाब, चहाबरोबर स्कोन. त्या गावात शेती कोण करतं, गुरं कुठे चरतात, पावसाचं पाणी कुणाच्या रानातून वाहून जातं, हे विचारायची पद्धत नाही. आमच्या पिढीला तर इंग्लिश खेडं भेटलं ते अगाथा ख्रिस्तीच्या सेंट मेरी मीडमध्ये. तिथे खून भरपूर पडले, पण नांगरणी झाल्याचं ऐकिवात नाही.

मी लॅक्स्टनच्या पक्षाचा. नॉटिंगहॅमशायरमधलं हे छोटं, दिसायला अगदी साधं गाव. पर्यटनाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. गावाची नोंद डूम्सडे बुकात आहे. उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे, तिथल्या सरदारांकडे शेरवुड जंगलाची राखण असे. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातल्या मंडळींचे मध्ययुगीन पुतळे आहेत आणि त्यांतला एक चक्क लाकडी आहे. ज्यांना किल्ले आणि चर्चं आवडतात त्यांनी ती जरूर पाहावीत. माझं काम गावाबाहेरच्या चिखलात आहे.

लॅक्स्टनच्या रानात बांध नाहीत, कुंपणंही नाहीत. साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन मोठी उघडी रानं, आणि त्यांत वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे विखुरलेले. एका रानात गहू, दुसऱ्यात पुढच्या हंगामाचं पीक, तिसरं पडीक, आणि दर वर्षी पाळी फिरते. पट्टे विखुरलेले असण्यामागे साधा हिशेब आहे: चांगली जमीन एकट्याच्या वाट्याला जाऊ नये आणि पाणथळही एकाच्याच गळ्यात पडू नये. मध्ययुगात इंग्लंडचा मोठा मधला पट्टा असाच कसला जात होता. मग जमिनी कुंपणात घालण्याचं पर्व आलं. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने त्यासाठी पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांत गेली. जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी त्याच्या हेल्पस्टन गावाच्या कुंपणांनी आयुष्यभर होरपळला. त्या कायद्यांच्या तपशिलात मी शिरत नाही. कंटाळवाणा मजकूर आहे, आणि त्यातली लबाडी नेहमी परिशिष्टात असते.

लॅक्स्टन मात्र वाचलं. कुणाच्या प्रेमामुळे वगैरे नाही. दोन मोठ्या जमीनदारांचं एकमत होईना, खर्चही परवडेना, म्हणून राहून गेलं. रानं कमी झाली, चौथं रान गेलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावचा मोठा जमीनदार अर्ल मॅनव्हर्स याने पट्टे एकत्र करून मोठे केले. तरी मूळ घडी मोडली नाही. सर विल्यम कोर्टन या मालकासाठी मार्क पियर्सने १६३५ साली केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्ट्यागणिक आखणी आहे, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसं आणि गुरंही चितारलेली आहेत. भूमापनाच्या कागदावर राबणारा माणूस दिसावा, हे आपल्या सातबाऱ्याच्या नशिबी कधी आलं नाही.

मोजमापाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. एकर म्हणजे मुळात असा पट्टा: लांबी २२० यार्ड, म्हणजे एक फर्लांग, आणि रुंदी २२ यार्ड. ही रुंदी म्हणजे एडमंड गुंटरची ६६ फुटांची साखळी, आणि क्रिकेटची खेळपट्टीही तेवढीच लांब. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे त्या साखळीच्या निम्म्याचा चौरस. बारामतीच्या तलाठ्याचा हिशेब आणि लॅक्स्टनच्या नांगराची तासं एकाच मापाने जुळतात. हे मी व्याख्यानांतून सांगत आलो आणि श्रोते फक्त क्रिकेटचं लक्षात ठेवत आले.

आता माझा जिव्हाळ्याचा भाग. बांध नसलेल्या रानात शेजाऱ्याचं तास खाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यावर उपाय म्हणजे गावाचं न्यायालय, कोर्ट लीट. नोव्हेंबरच्या अखेरीस गव्हाच्या रानाची पाहणी होते. मी गेलो त्या वर्षी आभाळ गच्च होतं आणि तांबूस चिकणमाती बुटांना किलोकिलोने चिकटत होती. पंच ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवर बसून रानात उतरले. त्यांच्यातला म्होरक्या पट्ट्याच्या टोकाशी उभा राहून एक डोळा मिटून तासाकडे पाहू लागला. कुणीतरी रस्त्याच्या गवतात हातभर नांगर घातला होता. वाद झाला, थोडी थट्टा झाली, हद्दीवर खुंटी ठोकली गेली, नाव लिहिलं गेलं. ज्याचं नाव लिहिलं तोही तिथेच उभा होता, आणि पुढच्या पट्ट्यात दुसऱ्याचं तास मोजायला तोच सर्वांत पुढे! नंतर सगळे डव्हकोट इनमध्ये जेवायला बसले. आठवड्याने तिथेच कोर्ट भरतं. इस्टेटीचा कारभारी दंड कायम करतो आणि पुढच्या वर्षीच्या पंचांना शपथ दिली जाते. दंड इतका किरकोळ की त्याची भीती कुणालाच नसते, भीती असते ती नाव पुकारलं जाण्याची. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा अपवाद म्हणून ज्यांना वगळलं त्यांत लॅक्स्टनचं कोर्ट लीट होतं.

नांगरता न येणाऱ्या ओलसर घळींतलं गवत गावात दर वर्षी लिलावाने जातं. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा आहे. गोव्याच्या गावकरीत, म्हणजे कोमुनिदादीत, शेतांची पावणी (लिलाव) पाहिलेल्या माणसाला यातलं काहीही परकं वाटणार नाही. तिथल्या कोमुनिदादींच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच लिहून घेतल्या होत्या. हेन्री मेनने १८७१ साली पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसंस्थांवर पुस्तक लिहिलं तेव्हा हे नातं त्याने ओळखलं, पण त्याचं भाऊबंदकीचं, रक्ताच्या नात्याचं प्रमेय मला कधीच पटलं नाही. लॅक्स्टनमध्ये रक्ताचं नातं नाही, पाळीची शिस्त आहे. आमच्याकडचे काही विद्वान अजून मेनच्याच चष्म्यातून पाहतात आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ न वाचता गावगाड्यावर बोलतात.

दुसरा पक्ष अर्थशास्त्रवाल्यांचा. सामाईक जमीन म्हणजे ओरबाडणं ठरलेलंच, असं १९६८ साली गॅरेट हार्डिनने लिहिलं आणि ते यांनी पाठ केलं. हार्डिनने कल्पिलेल्या कुरणावर कुणीही यावं, कितीही गुरं सोडावीत. असं कुरण लॅक्स्टनमध्ये कधी नव्हतं, आपल्या गायरानातही नव्हतं. सामाईक जमीन लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉमला २००९ साली नोबेल मिळालं, तरी आमच्या विद्यापीठांतल्या नोट्स बदलल्या नाहीत. गायरानं गेली ती सामाईक होती म्हणून नव्हे, पाहणीला जाणारे पंच उरले नाहीत म्हणून. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलं. त्या निकालाच्या प्रती कचेऱ्यांत असतील. खुंटी कुठे दिसत नाही.

सोयीसुविधांबद्दल थोडक्यात. पब आहे, तो नसता तर कोर्टही नसतं. जवळच नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे, ते १९९५ साली सुरू झालं आणि पुष्कळ लोक लॅक्स्टनला त्यासाठीच येतात. बाकी गोष्ट इंग्लंडभर सारखी आहे: दुकानं बंद, पोस्ट बंद, बस क्वचित. काही गावांनी भाग काढून दुकानं आणि पब स्वतः चालवायला घेतले. लाल टेलिफोन खोक्यांत पुस्तकं नाही तर हृदयाला झटका देणारी यंत्रं ठेवली. १८९४ पासून पॅरिश कौन्सिलं आहेत, ती दिवे आणि बाकांवर चर्चा करतात. चांगलं आहे सगळं. फक्त त्यातल्या बहुतेक गावांत शेतकऱ्यांची घरं बाहेर रानात असतात आणि गावातल्या घरांत शहरात नोकरीला जाणारे राहतात. लॅक्स्टनमध्ये जमीन तीन दिशांना विखुरलेली, म्हणून शेतकरी गावाच्या मुख्य रस्त्यावरच राहतो. कोठारांच्या त्रिकोणी भिंती रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात आणि फाटकातून ट्रॅक्टर थेट हमरस्त्यावर येतो.

हे टिकेल का, याची काळजी मला आहे. १९५२ मध्ये मॅनव्हर्स घराण्याकडून गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाने घेतलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सांच्याच वारसांकडे आलं. मालक बदलला तरी पद्धत चालू राहील असं प्रत्येक वेळी सांगितलं गेलं आणि आजवर ते खरंही ठरलं. पण अडचण मालकाची नाहीच. आजची अवजारं जितकी मोठी तितकी त्यांना पट्ट्याच्या टोकाशी वळायला जागा जास्त लागते. नव्या कुळाला विखुरलेले तुकडे, पाळीची सक्ती आणि वर शेजाऱ्यांची पाहणी, एवढं सगळं मान्य करावं लागतं. शेतकरी कमी होत चालले की बारा पंच आणि त्यांचा म्होरक्या जमवायला तीच तीच घरं पुन्हा पुन्हा धुंडाळावी लागतात. पाहणीच्या दिवशी ट्रेलरवर एक तरुण मुलगा होता, आजोबांच्या जागी आलेला. खुंटी ठोकताना त्याचा हातोडा दोनदा चुकला आणि सगळ्यांनी त्याला मनसोक्त हसून घेतलं.