श्वास उणा, तरी उमेद उणी नसावी

डिचोली तालुक्यातील खाणींवर ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, पेडण्यात काजूच्या हंगामात जे भट्टीपुढे बसले, ज्या माउल्यांनी जन्मभर लाकडाच्या चुलीवर रांधले, त्यांच्यापैकी काहींना उतारवयात चार पायऱ्या चढताच धाप लागते. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून घरची मंडळी तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः हा फुप्फुसांचा जुनाट विकार असू शकतो.

विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि वायुकोशांचा लवचिकपणा नष्ट होतो. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही व नव्या हवेस जागा उरत नाही. हाच ‘सीओपीडी’ होय. खाणीच्या धुळीतील सिलिकेचे कण फुप्फुसांत व्रण निर्माण करतात. त्यास ‘सिलिकोसिस’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निर्णयानंतर गोव्यातील खाणकाम थांबले आणि २०२४ मध्ये डिचोलीत ते पुन्हा सुरू झाले. परंतु खाण थांबली तरी फुप्फुसांत बसलेली धूळ निघून जात नाही. म्हणून जुन्या कामगारांनीही तपासणी करून घ्यावी व नोकरीचे कागद जपून ठेवावेत. सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग आहे.

हे विकार मुळापासून बरे होत नाहीत. मात्र रुग्णाची अधिक हानी करते ती भीती. धाप लागते म्हणून तो चालणे सोडतो. चालणे सुटले की स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या शरीरास थोड्याच श्रमाने अधिक धाप लागते. पुढे देवळात जाणे व शेजाऱ्यांकडे बसणेही बंद होते. हे चक्र रुग्णालाच तोडता येते.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे धूम्रपान कायमचे सोडणे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सपाट वाटेवर थोडे थोडे चालावे. धाप लागल्यास थांबून, किंचित पुढे वाकून, नाकाने श्वास घ्यावा व ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. घेताना मनात दोन अंक मोजल्यास सोडताना चार मोजावेत. स्नान बसून करावे. एकाच वेळी पोटभर न जेवता थोडे थोडे खावे.

पंपाची ‘सवय लागते’ हा समज निराधार आहे. औषध थेट फुप्फुसांत जात असल्याने त्याची मात्रा अल्प पुरते. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, सावकाश आत घेतानाच तो दाबावा व सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. बरे वाटले म्हणून औषध आपण होऊन बंद करू नये. इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाच्या लसींविषयीही डॉक्टरांना विचारावे.

बेडक्याचा रंग पालटला, तो वाढला किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. ओठ निळसर होणे, गुंगी येणे, बोलताना वाक्य पुरे न होणे ही धोक्याची लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांनी चूल धुरापासून मुक्त करावी, पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरू देऊ नये आणि रुग्णाला खाटेवर बसवून न ठेवता झेपेल ते काम करू द्यावे. शिक्षकांनी मुलांमार्फत ही माहिती घरोघरी पोहोचवावी. गेलेला श्वास परत आणता येत नसला, तरी उरलेल्या श्वासावर मानाने व समाधानाने जगता येते.