राज्यांचे हक्क म्हणजे कोणाचे हक्क?

‘राज्यांचे हक्क’ हे शब्द कानाला फार गोड लागतात. दिल्लीने निधी अडवला, राज्यपालांमार्फत कारभारात ढवळाढवळ केली, राज्याच्या विषयात नाक खुपसले, अशा तक्रारी आपण नेहमी वाचतो आणि त्यांतल्या अनेक खऱ्याही असतात. त्यामुळे आपल्या चळवळीतले तरुण कार्यकर्तेही व्यासपीठावरून राज्यांच्या स्वायत्ततेचा पुकारा करू लागले आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. परंतु ज्या देशात हा वाद दोनशे वर्षे धुमसतो आहे, त्या अमेरिकेचा इतिहास त्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

अमेरिकेत दक्षिणेकडील राज्यांचा युक्तिवाद असा होता की, गुलामगिरी ठेवायची की नाही हा ज्या त्या राज्याचा प्रश्न आहे, त्यात केंद्राने पडू नये. हे तत्त्व त्यांना खरोखरच प्यारे होते काय? १८५० साली त्यांनीच केंद्राकडून पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा करून घेतला. मालकाच्या तावडीतून सुटून उत्तरेकडच्या मुक्त राज्यात पोहोचलेल्या माणसालाही धरून परत द्यायचे आणि त्या कामी तिथल्या नागरिकांनी मदत करायची, अशी सक्ती या कायद्याने केली. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा अधिकार नाही. निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याची फी तर पाहा : माणूस गुलाम ठरवला तर दहा डॉलर, मुक्त ठरवला तर पाच! मनुस्मृतीचा निवाडा करणारेही इतका उघड भाव लावत नसावेत.

उत्तरेकडच्या राज्यांनी या कायद्याला विरोध केला तो राज्याच्याच अधिकारात. विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हा राज्यांच्या हक्कांचे हे कैवारी केंद्राच्या न्यायालयाच्या मागे उभे राहिले आणि १८५९ साली विस्कॉन्सिनचा निर्णय रद्द झाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८६० मध्ये, साउथ कॅरोलिना राज्य संघराज्यातून फुटले. फुटताना त्याने जी कारणे जाहीर केली, त्यांत एक मोठी तक्रार अशी होती की, उत्तरेकडची राज्ये गुलाम परत करण्याचे केंद्राचे कायदे पाळत नाहीत. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच त्यांना राग! फुटलेल्या राज्यांनी आपली नवी घटना केली, तीत गुलामांवरच्या मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करण्यास मनाई केली. त्यानंतर जे यादवी युद्ध झाले, त्यात सहा लाखांच्या वर सैनिक मेले.

युद्धानंतर १८६५ ते १८७० या पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी गेली, समान नागरिकत्व आले, मताचा अधिकार आला. पण १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतून आपला लष्करी हात काढून घेतला आणि कागदावरचे हक्क पुन्हा राज्यांच्या, म्हणजे जुन्या मालकांच्याच, हाती गेले. शाळा वेगळी, डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा. मत द्यायला गेलेल्या काळ्या माणसाची अशी परीक्षा घ्यायची की तो नापासच झाला पाहिजे. हे सारे राज्यांच्या कायद्याने चालले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ म्हणून त्याला मान्यता दिली. १९४८ साली काळ्यांना नागरी हक्क देण्याची भाषा केंद्रात सुरू झाली, तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी वेगळा पक्षच काढला. त्याच्या नावातच ‘राज्यांचे हक्क’ हे शब्द होते.

सप्टेंबर १९५७. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला वर्षही झाले नव्हते. अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळी मुले प्रवेश घ्यायला निघाली. शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. परंतु राज्यपाल ऑर्व्हल फॉबस (तिथला राज्यपाल निवडून आलेला, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा) याने राज्याचे सशस्त्र दल शाळेच्या दारात उभे केले. एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी एकटीच शाळेशी पोहोचली. समोर बंदुका आणि मागे शिव्या देणारा जमाव. अखेर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी केंद्राचे हजारावर सैनिक पाठवले, राज्याचे दलही आपल्या ताब्यात घेतले आणि २५ सप्टेंबरला मुले लष्कराच्या पहाऱ्यात वर्गात गेली. फॉबसने हार मानली नाही. पुढच्या वर्षी त्याने गावातली सगळी हायस्कुले वर्षभर बंद ठेवली. आपली मुलेही घरी बसली तरी चालतील, पण काळ्यांची मुले शेजारी बसता कामा नयेत! चवदार तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करणारे ज्या मातीचे, त्याच मातीचा हा माणूस.

आता कोणी म्हणेल, मग केंद्र बलवान असले की झाले. तसेही नाही. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अलाबामाच्या राज्यपालाला न जुमानता तिथले सशस्त्र दल ताब्यात घेतले, ते सेल्माहून निघालेल्या मताधिकाराच्या मोर्चाचे रक्षण करण्यासाठी. राज्यपालाने मागणी केलेली नसताना असे पाऊल त्यानंतर थेट जून २०२५ मध्ये उचलले गेले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचे दल ताब्यात घेतले ते लॉस एंजेलिसमध्ये, परदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांच्या धरपकडीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले म्हणून. सत्ता तीच, पण एकदा ती दुबळ्याच्या पुढे ढाल होऊन उभी राहिली आणि एकदा त्याच्याच अंगावर गेली. उलट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातला महत्त्वाचा आधार काढून घेतला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागत असे, ती अट निष्प्रभ झाली. टेक्सास राज्याने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा आपला अडवलेला कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. एक दिवसही त्यांना धीर धरवला नाही!

बाबासाहेबांनी हा इतिहास डोळसपणे पाहिला होता. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागवली होती. १९४७ च्या आपल्या मसुद्यात त्यांनी देशाला ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ असे नाव सुचवले. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी अमेरिकेपेक्षा आपला मार्ग कुठे वेगळा आहे, हे नेमके दाखवून दिले : सरकारे दोन, पण नागरिकत्व एक, न्यायव्यवस्था एक. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना तर त्यांनी इशाराच दिला की, एका राज्यात एकच जात बलाढ्य असेल तर लहान जातींचे हाल होतील. ते संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतही एकच मोठे राज्य करण्याच्या बाजूचे नव्हते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

घटनेतले कलम १७ सगळ्यांना पाठ असते. कलम ३५ फारसे कोणी वाचत नाही. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा, पण त्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार कोणाला? कलम ३५ सांगते, फक्त संसदेला, राज्याच्या विधिमंडळाला नाही. यापूर्वी मद्रास, मुंबई अशा प्रांतांचे आपापले कायदे होते. १९५५ चा अस्पृश्यता कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा संसदेने केला, तो सर्व राज्यांसाठी. फॉबसला आपल्या राज्यापुरता वेगळा कायदा करायला इथे जागाच ठेवलेली नाही.

मग घोडे अडते कुठे? पोलिस राज्याचे आहेत. कायदा दिल्लीचा, पण गुन्हा नोंदवणारा हवालदार, तपास करणारा उपअधीक्षक, खटला चालवणारा सरकारी वकील, सारे मुंबईतून नेमले जातात. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. हा तपास राज्याच्या पोलिसांकडून काढून सीबीआयकडे द्यावा लागला. तरीही २००८ च्या भंडारा न्यायालयाच्या निकालात अत्याचार प्रतिबंधक कायदा टिकला नाही. आणि २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची धार बोथट केली, तो खटलाही महाराष्ट्रातलाच होता. २ एप्रिलच्या भारत बंदनंतरच ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती केली. दिल्लीही आपण रस्त्यावर उतरल्याशिवाय हलत नाही, हे त्या वेळी दिसले.

शिष्यवृत्तीचेही तेच. आपली मुले जिला ‘भारत सरकार’ म्हणतात, त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार केंद्राने राज्यांवर ढकलला, राज्यांनी केंद्राकडे बोट दाखवले आणि मध्ये विद्यार्थी अडकला. डिसेंबर २०२० मध्ये ६०:४० असा वाटा ठरला. तोवर केंद्र-राज्य संबंधांवरची भाषणे ऐकून कोणाची फी भरली गेली नाही.

म्हणून स्वायत्ततेची मागणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला, तो कोणताही असो, आमचा एक साधा प्रश्न आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ मधील नियम १६ नुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता समितीची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, झाली पाहिजे. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, निधीही लागत नाही. तुमच्या सरकारच्या काळात अशा किती बैठका झाल्या, त्यांच्या तारखा सांगा. आमच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करून त्या मागवाव्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या तिमाही बैठकांच्याही त्याच अर्जात विचारून घ्याव्यात.