ट्रॅक्टरामागील स्लॅशरची जोडणी व जुळणी

पावसाळा सरत आला म्हणजे कोंकणांतील आंब्याकाजूच्या बागांतून कमरेएवढें गवत माजतें, आणि तें तसेंच वाळूं दिलें तर पुढें वणव्याची धास्ती. अशा ठिकाणीं ट्रॅक्टरामागें जोडण्याचें फिरत्या पात्यांचें यंत्र, ज्यास आपल्याकडे स्लॅशर म्हणतात, फार उपयोगी पडतें. परंतु पुष्कळदां गवत कापलें न जातां नुसतें लोळतें, एका बाजूस जमीन खरवडते, दुसरीकडे शेंडे राहतात, आणि दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. आमच्या मतें तो दोष बहुधा जोडणीचा असतो. सबब तिचा विचार येथें करूं.

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून खालच्या दोन्ही लिंका जोडाव्या व बाजूच्या साखळ्या ताणून यंत्र हेलकावणार नाहीं असें करावें. नंतर पीटीओचा शाफ्ट. हा एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो, व यंत्र वरखालीं करतांना त्याची लांबी बदलते. तो सर्वांत आखूड होतो त्या स्थितींतहि नळ्यांना आंत इंचभर मोकळीक हवी. नाहीं तर धक्का थेट गिअरपेटीवर बसतो. सर्वांत लांब होतो त्या स्थितींत नळ्यांचा एक तृतीयांश भाग तरी एकांत एक राहिला पाहिजे. शाफ्ट लांब पडल्यास दोन्ही नळ्या व त्यांवरील आवरणें सारख्याच मापानें कापावीं. आवरण अडचणीचें म्हणून काढून टाकणारे आम्हीं पाहिले आहेत. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर शाफ्टांत जाण्यास एक क्षण पुरतो.

उजव्या लिफ्टदांड्याची मूठ फिरवून यंत्र डावीउजवीकडे समपातळींत आणावें. आतां मुख्य गोष्ट. यंत्राची पुढची बाजू मागच्यापेक्षां अर्धा ते एक इंच खालीं असावी. पातें फिरतांना एकदां पुढून व एकदां मागून जातें. पुढची बाजू खालीं असली म्हणजे गवत पुढेंच कापलें जातें व मागून येणारें पातें त्याच्यावरून मोकळें जातें. मागची बाजू खालीं राहिली तर तेंच गवत दुसऱ्यांदा चिरडलें जाऊन इंजिनावर भार येतो व डिझेल वाया जातें. घाणेरीसारख्या झुडपांचा बारीक चुरा हवा असेल तेथें मात्र मागची बाजू किंचित् खालीं ठेवतात. तेथें तो खर्च जाणूनबुजून करावयाचा. माप पत्र्यावरून न घेतां इंजिन बंद करून, किल्ली काढून व यंत्राखालीं ठोकळे देऊन पात्याच्या टोकापाशीं घ्यावें.

मागची उंची मागच्या चाकावर ठरते, पुढची लिफ्टवर. टॉप लिंक ताठ न ठेवतां तींत थोडी ढिलाई ठेवावी. तेणेंकरून उंचवट्यावर मागचें चाक वर चढतें व सखलांत खालीं उतरतें. तथापि ढिलाई इतकी नको कीं यंत्र उचलल्यावरहि तें चाक जमिनीवर घासत राहील. जांभ्याच्या कातळाळ जमिनींत पातें तीन इंचांहून खालीं उतरवूं नये.

पीटीओ मिनिटास 540 फेऱ्यांवर चालवावा. गवत दाट लागलें तर थ्रॉटल कमी करूं नये, गिअर खालचा घ्यावा. पातीं बदलतांना जोडीनें बदलावीं. एक जुनें व एक नवें असें बसविल्यास वजन असमान होऊन यंत्र थरथरतें. शिअर बोल्ट तुटला तर तो तुटण्यासाठींच आहे हें ध्यानांत ठेवून त्याच जातीचा बोल्ट घालावा. जास्त कठीण बोल्ट घातला तर पुढच्या खडकावर बोल्ट वांचतो आणि गिअरपेटी जाते.

कांहीं जुन्या एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत आणखी एक धोका असतो. क्लच दाबला तरी जड पात्यांचा वेग शाफ्टमधून उलटा ट्रॅक्टरच्या चाकांपर्यंत पोंचतो व ट्रॅक्टर पुढें रेटला जातो. विहिरीच्या कांठाशीं याचा अर्थ काय होतो तें सांगावयास नको. त्यास ओव्हररनिंग क्लच बसवून घ्यावा. तो बसेपर्यंत कांठाजवळचें गवत विळ्यानेंच कापावें.

दगड उडून दूर जातात. आमच्याच बागेंत एक जांभ्याचा खडा साठ पावलांवर बसलेल्या गड्याच्या डोक्यावरून गेला, तेव्हांपासून काम चालू असतां आम्ही शंभर मीटरांच्या आंत कोणासहि थांबूं देत नाहीं. मागच्यापुढच्या साखळ्यांची झालर काढूं नये. पीटीओ बंद केल्यावरहि पातीं कांहीं वेळ फिरत असतात. तीं पूर्ण थांबल्याचें पाहूनच खालीं उतरावें. नव्या पात्यांचे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हां एकदां आवळावे.